डॅलस की अटलांटा? मुलाच्या बिऱ्हाडासंबंधी एक प्रश्न

वाघूरकाठ (जळगाव)

नमस्कार. माझा मुलगा, सून आणि दोन नातवंडे गेली काही वर्षे न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतात. मुलाच्या कंपनीने तेथील कार्यालय आवरते घ्यायचे ठरवले असून डॅलसजवळचे प्लेनो किंवा अटलांटाजवळचे आल्फारेटा यांपैकी एक ठिकाण त्याला दिवाळीपर्यंत निवडायचे आहे. पगार दोन्हीकडे सारखाच राहणार आहे. वर्षभरात तेथे स्वतःचे घर घेण्याचा त्याचा विचार असून त्यात आमचाही थोडा हातभार असेल, आणि आम्ही उभयता वर्षाआड सहा-सहा महिने तेथे जाऊन राहू, म्हणून त्याने आमचे मत विचारले आहे. दोन्ही शहरे मी पाहिलेली नाहीत, तेव्हा ज्यांनी पाहिली आहेत त्यांना विचारणे बरे.

मुलगा एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहे आणि ग्रीन कार्डाची रांग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मोठा नातू सातवीत आहे, त्याचा जन्म न्यू जर्सीतला. धाकटी नात अजून बालवाडीत आहे. पत्नीला दम्याचा त्रास आहे. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून डॅलस स्वस्त पडेल असे मुलाचे मित्र सांगतात. सुनेला मात्र अटलांटाची झाडी आवडली आहे. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे कोणत्याही गावाबद्दल मला पहिला प्रश्न पाण्याचा आणि जमिनीचा सुचतो, त्याबद्दलही कोणी लिहिले तर आनंद होईल.

चोपडा ते प्लेनो

काका, मी मूळचा चोपड्याचा आणि सध्या प्लेनोतच राहतो, त्यामुळे माझे पारडे डॅलसकडे झुकणार हे आपण आधीच गृहीत धरावे.

नोकरीचा मुद्दा मी करांच्याही आधी ठेवतो. एच-वन-बीवरील माणसाची नोकरी सुटली तर दुसरी कंपनी शोधायला त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात. आज पगार सारखा आहे म्हणून दोन्ही गावे सारखी ठरत नाहीत. उद्या ही नोकरी गेली तर मुलांची शाळा न बदलता दुसरी कोठे मिळेल, हे पाहिले पाहिजे. डॅलस-फोर्ट वर्थ परिसराची लोकसंख्या ८० लाखांच्या पुढे गेली आहे, तर अटलांटा परिसराची ६० लाखांच्या थोडी वर आहे. टोयोटाने आपले उत्तर अमेरिकेचे मुख्यालय २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातून प्लेनोत हलवले, जेपी मॉर्गन आणि कॅपिटल वन यांची मोठी कार्यालये येथे आहेत, एटी अँड टी आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स याच परिसरातल्या. शेजारचे फ्रिस्को १९९० साली जेमतेम सहा हजार वस्तीचे होते, २०२०च्या जनगणनेत ते दोन लाखांवर गेले. वाढीचा हा वेग डोळे दिपवतो, आणि खरे सांगायचे तर कंटाळवाणाही आहे: जिकडे पाहावे तिकडे सपाट माळ, एकाच साच्यातली विटांची घरे आणि टोलचे रस्ते. टोलनाक्यावर कोणी उभा नसतो, गाडीचा क्रमांक टिपून बिल घरी येते, आणि महिनाअखेर ते पाहून माणूस दचकतो.

उन्हाळ्याबद्दल जळगावच्या माणसाला मी काय सांगणार? मे महिन्यातला आपल्याकडचा पारा येथे सहसा दिसत नाही. पण येथील खरी होरपळ जुलै-ऑगस्टची असते, आणि मृग बरसला की सुटका, असा मुहूर्त येथे नाही. २०११ साली येथे ७१ दिवस तापमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सियसला पोहोचले किंवा त्यापुढे गेले होते. उलट टोकाची थंडीही येते. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात वीजपुरवठा कोलमडला, राज्यात २००हून अधिक माणसे दगावली. टेक्सासच्या बहुतेक भागाची वीजवाहिन्यांची जाळी देशाच्या इतर जाळ्यांपासून वेगळी ठेवलेली आहे, त्यामुळे ऐन गरजेला बाहेरून फारशी वीज आणता येत नाही, हेही त्या वेळी लख्ख दिसले.

आता आपल्या आवडीचा विषय. डॅलस, प्लेनो, फ्रिस्को हा सगळा पट्टा काळ्या चिकण जमिनीचा आहे, अगदी आपल्या तापीकाठच्या कपाशीच्या जमिनीसारखा, आणि येथेही एके काळी कापूसच पिकत असे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हात आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. घरे काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात. खालची माती एका बाजूने सुकली की स्लॅब वाकतो, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दरवाजे घट्ट बसू लागतात. यावर उपाय म्हणून लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी देतात. माझ्या घराभोवती भिंतीपासून साधारण हातभर अंतर सोडून ठिबकची नळी पुरलेली आहे आणि ती जुलैपासून ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होते. वडील पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ती नळी पाहून, येथे कोणते पीक घेतोस, असे विचारले होते. आमचे पाणी धरणांचेच आहे. लॅव्हन, लुईसव्हिल, रे रॉबर्ट्स हे सगळे तलाव माणसाने अडवलेले आहेत, आणि बागेला पाणी ठरलेल्या वारीच देता येते.

साक्रीची लेक (कमिंग, जॉर्जिया)

काका, वरच्या दादांनी इतके प्रामाणिकपणे लिहिले आहे की मला भांडायला जागा ठेवलेली नाही, तरी थोडे भांडते.

आल्फारेटा आणि त्याच्या उत्तरेला लागून असलेली आमची फोर्सिथ काउंटी हा भारतीय कुटुंबांनी भरलेला भाग आहे. या काउंटीचा इतिहास मात्र माहीत असावा. १९१२ साली येथून कृष्णवर्णीय रहिवाशांना धाकदपटशाने हुसकावून लावले गेले आणि पुढे कित्येक दशके येथे जवळपास फक्त गोरेच राहत होते. १९८७ मध्ये नागरी हक्कांचे मोठे मोर्चे येथे निघाले, तेव्हा कोठे देशाचे लक्ष गेले. १९९०च्या जनगणनेत ४४ हजार वस्ती असलेली ही काउंटी २०२० मध्ये अडीच लाखांवर गेली, आणि आज शाळेच्या दारात गुजराती, तेलुगू आणि मराठी सहज कानावर पडते. घर पाहायला आले तेव्हा हे मला कोणी सांगितले नव्हते, पण ते माहीत असलेले बरे, असे मला वाटते.

नातू सातवीत आहे, त्याचा जन्म अमेरिकेतला आहे, म्हणून आमच्याकडची एक गोष्ट त्याच्यासाठी फार मोलाची आहे. जॉर्जियात १९९३ पासून राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून होप नावाची शिष्यवृत्ती दिली जाते. राज्याचा रहिवासी असलेल्या आणि हायस्कुलात ठरलेले सरासरी गुण राखलेल्या विद्यार्थ्याची सरकारी महाविद्यालयातील शिकवणी फी तीतून भागते. राहण्याजेवण्याचा खर्च आपला. विद्यार्थी स्वतः अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक वगैरे असावा लागतो, म्हणजे एच-फोर या एच-वन-बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरील भारतात जन्मलेल्या मुलांना ती मिळत नाही, पण आपल्या नातवाला ती अडचण नाही. जॉर्जिया टेक आणि अथेन्सचे जॉर्जिया विद्यापीठ ही दोन्ही या योजनेत बसतात. जॉर्जिया टेकमधला प्रवेश सोपा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळायला २०२६ पासून शाळेतल्या पहिल्या पाच टक्क्यांत यावे लागते, आणि प्लेनो-फ्रिस्कोच्या शाळांत ते पाच टक्के कोणाची मुले असतात हे दादांना विचारा.

नोकऱ्यांत आम्ही डॅलसइतके मोठे नाही, हे मान्य. तरी होम डेपो, यूपीएस, डेल्टा, कोका-कोला यांची मुख्यालये याच परिसरात आहेत, आणि कार्डाने होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांचा मोठा भाग हाताळणाऱ्या कंपन्या अटलांटाच्या उत्तर भागात दाटीने आहेत. आल्फारेटात कार्यालय आणि फोर्सिथमध्ये घर असेल तर रोजचा प्रवास सुसह्य असतो. कामासाठी शहराच्या मध्यात जावे लागले, की जॉर्जिया ४०० या रस्त्यावर माणसाची परीक्षा होते. मार्टा या शहर वाहतूक सेवेची रेल्वे विमानतळापासून उत्तरेला नॉर्थ स्प्रिंग्जपर्यंत येते आणि तेथेच संपते; आल्फारेटापर्यंत ती आलेली नाही. जानेवारी २०१४ मध्ये अवघा दोन इंच बर्फ पडला आणि सगळे एकाच वेळी घराकडे निघाले, तेव्हा लोक रात्रभर गाड्यांत अडकून पडले आणि कित्येक मुलांना शाळेतच झोपावे लागले.

पाण्याचे म्हणाल तर पाऊस येथे भरपूर, वर्षाला सुमारे १,२५० मिलिमीटर आणि तोही बारा महिने विखुरलेला. परंतु शहर डोंगरउतारावर, नदीच्या उगमाकडच्या अंगाला असल्यामुळे पाणलोट लहान पडतो आणि सारी भिस्त चॅटाहूची नदीवरच्या लेनियर जलाशयावर राहते. तेच पाणी खाली अलाबामा आणि फ्लोरिडाला हवे असते. फ्लोरिडाने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एकमताने फेटाळला, तोवर तीन राज्यांचे हे भांडण तीसेक वर्षे चालले होते. २००७च्या दुष्काळात तर गव्हर्नरांनी विधानभवनाबाहेर पावसासाठी जाहीर प्रार्थना केली होती. माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे, की त्याऐवजी धोंडी काढली असती तर लवकर पडला असता.

काकूंच्या दम्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. सुनेला आवडलेली ती झाडी मार्चच्या उत्तरार्धात आणि एप्रिलमध्ये परागकणांचा पिवळा थर सगळीकडे अंथरते. गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येते. हवेतील परागकणांचा आकडा दर घनमीटरमागे १,५०० ओलांडला की तो अतिउच्च समजतात. मार्च २०२५ मध्ये तो १४,०००च्या वर गेला होता. त्या सहा आठवड्यांत काकूंनी येथे येऊ नये.

जमाखर्च (धुळे)

मी कर सल्लागार आहे आणि माझ्या काही अशिलांची मुले या दोन राज्यांत आहेत, म्हणून केवळ आकड्यांपुरते लिहितो.

टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, हे खरे. पण शाळा आणि नगरपालिका चालवायला पैसा लागतोच, आणि तो तेथे घरावरील करातून वसूल होतो. डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांत हा कर घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो, राहत्या घराची सवलत धरल्यास थोडा खाली येतो. अटलांटाच्या उत्तर उपनगरांत तो साधारण एक टक्क्याच्या घरात असतो. पाच लाख डॉलरचे घर धरले तर वर्षाला चार-साडेचार हजारांचा फरक येथेच पडतो. जॉर्जियाचा प्राप्तिकर २०२५ साठी सरसकट ५.१९ टक्के आहे, म्हणजे दीड लाख डॉलर करपात्र उत्पन्नावर ७,७८५ डॉलर. एवढ्यावरून टेक्सास सव्वातीन ते पावणेचार हजारांनी स्वस्त दिसते. मात्र गारपिटीमुळे तेथील घरविमा बराच महाग आहे, आणि गारा-वाऱ्याच्या नुकसानीत पहिला वाटा विमाधारकाने उचलायचा असतो, तो बहुधा घराच्या विमा-किमतीच्या एक ते दोन टक्के असतो. पाच लाखांच्या घरावर एकदा छप्पर बदलायची वेळ आली, की पाच ते दहा हजार खिशातून गेले.

दुसरे असे, की नोकरी गेली तर प्राप्तिकर आपोआप थांबतो, घरपट्टी थांबत नाही. उत्पन्न जितके जास्त आणि घर जितके लहान, तितका टेक्सासचा फायदा मोठा. भाड्याने राहणाऱ्याला तो सर्वांत ठळक जाणवतो. मोठे घर घ्यायचे असेल तर केवळ करासाठी डॅलस निवडण्यात अर्थ नाही.

अमळनेरची आजी

वाघूरकाठ भाऊ, माझी एक मुलगी आयर्विंगला, म्हणजे डॅलसजवळ, आणि दुसरी सुवानीला, अटलांटाजवळ राहते. आम्ही दोघीकडे राहून आलो आहोत, म्हणून घरात बसणाऱ्या माणसांच्या बाजूने लिहिते. वरच्या सगळ्यांना गाडी चालवता येते.

गाडी नसेल तर दोन्ही ठिकाणी आपण परावलंबी आहोत, हे मनाशी धरूनच जावे. मुलगा-सून सकाळी कामाला गेले की सायंकाळपर्यंत आपल्याला जेथवर पायी जाता येईल तेवढेच आपले गाव. डॅलसकडे जमीन सपाट आणि पदपथ सलग असल्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना चालणे सोपे जाते, पण सावली नाही. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत फिरून यावे लागते. अटलांटाकडे वसाहतीच्या आत रस्ता सुंदर असतो, दोन्ही बाजूंना उंच झाडे, मात्र चढउतार फार, आणि फाटकाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला पुष्कळदा पदपथच नसतो. आल्फारेटात बिग क्रीक नावाची ओढ्याकाठची लांबलचक पायवाट आहे, तेथवर मात्र कोणीतरी गाडीने सोडावे लागते. घर निवडताना चिरंजीवांना सांगा, की स्वयंपाकघर पाहण्याआधी दारातून निघून पायी कोठवर जाता येते ते पाहा.

देवळांची वाण दोन्हीकडे नाही. आयर्विंगचे एकता मंदिर आणि लिलबर्नचे स्वामीनारायण मंदिर, दोन्ही आम्ही पाहिली. मराठी मंडळे दोन्ही शहरांत जोरात आहेत, गणपती आणि दिवाळी अंक दोन्हीकडे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९चे अधिवेशन डॅलसला भरले होते. आमच्या यजमानांचे मत डॅलसला, कारण क्रिकेट. जून २०२४ मध्ये ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले आणि ते षटक मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने टाकले, हे ते अजून प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. भरिताची हिरवी वांगी म्हणाल तर आम्हाला दोन्हीकडे मिळाली नाहीत. मोठी जांभळी मिळतात, भाजली जातात, पण पाणी फार सुटते. सुवानीच्या मुलीने परसात लावून पाहिली, ती मात्र तेथील लाल मातीतही बरी आली.

तुमच्या सौभाग्यवतींसाठी माझे सांगणे असे: अटलांटा ठरले तर मे उजाडल्यावर जावे आणि दिवाळीच्या आसपास परतावे, म्हणजे फुलोराही चुकतो आणि जळगावचा अर्धा उन्हाळाही. डॅलस ठरले तर ऑक्टोबरला जाऊन मार्चअखेर निघावे. हिवाळ्यात तेथेही ‘माउंटन सीडर’ नावाच्या झाडाचे पराग उडतात, तेव्हा औषध जवळ असू द्यावे. प्रवासासाठी दोहामार्गे विमान दोन्ही शहरांतून मिळते, आणि मुंबईपासून पुढे आपली रेल्वे आहेच. प्रवासी आरोग्य विमा घेताना दम्याचा आजार आधीपासून आहे हे लिहून द्या. बहुतेक स्वस्त विम्यांत जुन्या आजाराचा खर्च मिळतच नाही, तेव्हा ते कलम मुलाकडून नीट वाचून घ्या.

वाघूरकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे मी मुलाला पाठवले आहे. शिष्यवृत्तीची अट त्याला ठाऊक नव्हती, आणि ६० दिवसांची अट त्याला ठाऊक होती पण मला नव्हती. आता तो एका गोष्टीने अटलांटाकडे आणि दुसरीने डॅलसकडे ओढला जातो आहे. सुनेने परागकणांचे वाचून झाडीचा आग्रह थोडा सैल केला आहे. डॅलस ठरलेच तर काळ्या जमिनीवरचे घर कसे पारखावे, एवढे चोपडेकरांनी कृपया सांगावे. आपल्याकडे आम्ही काळी माती काढून मुरूम भरत असू आणि मगच पाया घेत असू, तसे तेथे करतात का?

चोपडा ते प्लेनो

काका, हल्लीच्या नव्या वसाहतींत बांधकामाआधी जमीन खोलवर उकरून, ओलावून पुन्हा दाबतात, आणि स्लॅबमध्ये पोलादी तारा ताणून घालतात, त्यामुळे तो सहजी फुटत नाही. जुन्या घरांचे तसे नाही. घर जुने असेल तर विक्रेत्याचा किंवा दलालाचा निरीक्षक पुरेसा समजू नये. स्वतःच्या खर्चाने परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून स्लॅबच्या पातळीचे मोजमाप घ्यावे आणि आधी दुरुस्ती झाली असल्यास खाली खांब कोठे दिले आहेत त्याचा नकाशा आणि हमीपत्र मागावे. भिंतीलगत मोठे झाड असेल तर तेही पाहावे, कारण उन्हाळ्यात ते पायाखालची ओल शोषून घेते.

आणि शक्य असेल तर घर ऑगस्टच्या अखेरीस पाहावे. वसंतात माती फुगलेली असते, भेगा मिटलेल्या असतात, भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो. ऑगस्टमध्ये घरातला प्रत्येक दरवाजा एकदा उघडून लावून पाहिला, की कोणता कोपरा खचतो आहे ते कळते. चिरंजीव दिवाळीनंतर येणार असतील तर पहिले वर्ष भाड्याने काढावे. टेक्सासच्या कराचा खरा फायदा भाडेकरूला होतो, असे धुळ्याच्या साहेबांनी लिहिलेच आहे.